उत्तर: आंब्याच्या शेडमधे बाबांना भोवळ, पण तापमान ३६ च

ताई, शेडमधे पेट्या भरताना बाबा भोवळून बसले आणि सगळे म्हणाले ३६ डिग्रीत कुठं ऊन लागतं, हे वाचलं आणि आमचा दादाच आठवला. तो चिरेखाणीवर होता. पाणी प्या, दुपारी बाहेर नको वगैरे तुम्हाला माहितीच आहे, ते लिहीत नाही.

दादा दुपारी काहीच्या काही बडबडायला लागला, अंग नुसतं भाजत होतं पण सदरा घामाने चिंब. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेला तर आधी केसपेपर काढा. आत म्हणे घाम येतोय ना, मग उष्माघात नाही, तो तिकडे विदर्भात होतो, ॲसिडिटी असेल, बाकावर बसवा. बाकावर! वर लाईट गेलेली. एका सिस्टरनी थर्मामीटर लावला तेव्हा कुठं पळापळ सुरू झाली, तोवर किडनीवर आलं होतं. खाण सुटली ती सुटलीच. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, उद्या परत तिथंच जायचंय आपल्याला.

घाम थांबला तरच उष्माघात हे डोक्यातून काढा. म्हाताऱ्या माणसाला घरात बसून होतो त्यात कातडी बऱ्याचदा कोरडी पडते, पण कष्टाचं काम करताना होतो तेव्हा घाम चालू असू शकतो. आपल्याकडची किनाऱ्याची हवा दमट, घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग निवत नाही. हवामान खातं पण उष्णतेच्या लाटेसाठी सपाटीला ४० धरतं आणि किनारपट्टीला ३७ च (शिवाय नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त पाहिजे). आणि तो आकडा सावलीतला, तुमच्या पत्र्याखालचा नव्हे. नवी मुंबईत खारघरला एप्रिल २०२३ मधे उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उन्हाने माणसं दगावली ते काय विदर्भात नव्हतं.

मी डॉक्टर नाही, पण बडबड, झोकांड्या, फिट असं काही दिसलं की १०८ ला फोन आणि गाडीची वाट बघत बसू नका, सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतत रहा, वारा घाला, मानेला काखेत जांघेत बर्फ. बर्फ मासळीवाल्यांकडे मिळतो, लाजू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी पण नको, ह्या तापाला ती लागू पडत नाही. बाबांना बीपीची लघवी होणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात डॉक्टरांना एकदा विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.

आणि पत्र्यावर माडाची झापं टाका हो, शेडमधे लगेच फरक जाणवतो. सुतळीने घट्ट बांधा मात्र, वानर दोन दिवसात खाली पाडतात.