वाचकांचे प्रश्न: पॅडवरचा पॅराडिडल किटवर

प्रश्न: सर, मी रोज प्रॅक्टिस पॅडवर रूडिमेंट्स (ठोक्यांचे ठरलेले मूळ नमुने) करतो. सिंगल, डबल, पॅराडिडल, फ्लॅम सगळं मेट्रोनोमवर स्वच्छ वाजतं. पण बँडबरोबर किटवर बसलो की हातातून तोच एक साधा बीट निघतो. रूडिमेंट आठवतो तो फक्त फिल (ठेक्यामधली छोटी सजावट) घेताना. पॅडवरची ही मेहनत ग्रूव्हमध्ये, म्हणजे गाण्याखाली सतत चालणाऱ्या ठेक्यात, आणायची कशी?

उत्तर: पॅडवर आपण दोन्ही हात सारखे ऐकू यावेत म्हणून झटतो. तिथे ते योग्यच आहे. किटवर मात्र हात मुद्दाम वेगळे ऐकू आले पाहिजेत. दोन हात दोन ठिकाणी ठेवा, मग कुठला ठोका मोठा आणि कुठला जेमतेम ऐकू येईल एवढाच, हे ठरवा. माझ्या मते रूडिमेंटचा ग्रूव्ह होतो तो या दुसऱ्या निर्णयामुळे. वेगाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

पॅराडिडलच घेऊ. उजवा हात म्हणजे उ, डावा म्हणजे डा.

उ डा उ उ, डा उ डा डा, उ डा उ उ, डा उ डा डा.

चार मात्रांच्या एका बारमध्ये (आवर्तनात) हे सोळा ठोके बसतात. उजवा हात बंद हाय-हॅटवर (पायाने मिटता येणारी झांजांची जोडी), डावा स्नेअरवर (खाली तारा असलेला मुख्य ड्रम). आता मोजा. दुसरी मात्रा सुरू होते पाचव्या ठोक्यावर आणि चौथी तेराव्या ठोक्यावर. दोन्हीकडे डावा हात आहे, म्हणजे बॅकबीट (दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा जोराचा ठोका) आयताच स्नेअरवर आला. हा योगायोग नाही. पॅराडिडलचा दुसरा अर्धा भाग पहिल्याची हात बदललेली प्रत असतो. पहिला ठोका उजव्याचा असेल तर पाचवा डाव्याचाच येणार. म्हणून पॅराडिडल कुठल्याही क्रमाने फिरवला तरी, सुरुवात उजव्याने केली की, बॅकबीट डाव्या हातातच राहतो.

पाचवा आणि तेरावा ठोका खणखणीत मारा, जमल्यास रिमशॉट (चामडं आणि कड एकदम). डाव्याचे बाकीचे सगळे ठोके, म्हणजे २, ७, ८, १०, १५ आणि १६, घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके). किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १, ४ आणि ११ वर द्या. या तिन्ही ठिकाणी उजवा हात हाय-हॅटवर असतो, त्यामुळे पाय उजव्या हाताला धरून चालतो आणि सुरुवातीला गोंधळ होत नाही. मेट्रोनोम ६० वर लावा आणि एकच बार फिरवत राहा.

यात एक गोष्ट कान देऊन ऐका. तुमच्या नेहमीच्या बीटमध्ये बॅकबीटवर हाय-हॅट आणि स्नेअर एकत्र वाजतात. इथे त्या क्षणी हाय-हॅट गप्प असते आणि स्नेअर एकटी ऐकू येते. मला या ग्रूव्हमधली सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते. पण स्नेअर तिथे उघडी पडते, ठोका किंचित पुढेमागे झाला तरी लगेच कळतं. म्हणून सरावात मेट्रोनोमचा टोला फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐकायची सवय लावा. तुमचा बॅकबीट नेमका त्याच्यावर पडला की टोला ऐकू येईनासा होतो. तो ऐकू येत राहिला तर अजून बसलेलं नाही.

हे जमलं की क्रम बदला.

उ डा डा उ, डा उ उ डा.

हा उलटा पॅराडिडल. बॅकबीट जागच्या जागी, पण हाय-हॅटची नक्षी पूर्ण बदलते. किक तीच ठेवा, १, ४, ११. आता अकराव्या ठोक्याला उजवा हात नाही, तिथे डाव्याची घोस्ट नोट आहे. पाय जोरात पडला की डावा हातही नकळत जोर लावतो आणि नको त्या जागी स्नेअर ठणकते. पाय मोठा, हात हलका, हे एकाच वेळी साधायला हवं. किटवरच्या स्वातंत्र्याचा खरा कस इथे लागतो. माझ्याकडे शिकणाऱ्यांना या एका ठोक्यावर मी बराच वेळ थांबवतो. घाई करू नका.

पुढची पायरी पायाला रूडिमेंटच्या आत घेण्याची. पहिल्या पॅराडिडलमध्ये प्रत्येक जोड ठोक्यातला दुसरा किकला द्या: उ डा उ किक, डा उ डा किक. आता कुठलेही दोन अवयव एकदम वाजत नाहीत. याला लिनियर वाजवणं म्हणतात. टॉवर ऑफ पॉवर या फंक बँडचा ड्रमर डेव्हिड गॅरिबाल्डी ऐका. घोस्ट नोटांनी विणलेल्या फंक ग्रूव्हसाठी त्याचं नाव आदराने घेतलं जातं. बँडमध्ये वाजवताना पहिल्या मात्रेवर एक किक वाढवा, मग तो शुद्ध लिनियर राहत नाही, पण बास गिटारवाल्याला आधार मिळतो. माझं मत विचाराल तर आधार आधी, शुद्धता नंतर.

मग पॅराडिडल-डिडल घ्या: उ डा उ उ डा डा. हे सहा ठोके. दोनदा वाजवले की बारा होतात, उरलेल्या चारांत उ डा उ डा. सहा, सहा, चार मिळून सोळा. पाचव्या ठोक्याला डावा हात आहेच. तेराव्याला उजवा येतो, तेव्हा तो एकच ठोका हाय-हॅटवरून स्नेअरवर आणा आणि लगेच परत जा. सहाच्या गटांमुळे हाय-हॅट मात्रांच्या आडून चालते, पण बॅकबीट हलत नाही. ऐकणाऱ्याचा पाय त्यामुळेच थिरकतो.

फ्लॅमसाठी (मुख्य ठोक्याला चिकटून आधी येणारा एक हलका ठोका) फार काही करावं लागत नाही. चौथ्या मात्रेचा बॅकबीट अधूनमधून फ्लॅमने जाड करा, बस. दर बारला केलात तर त्याची गंमत जाते.

प्रश्न: माझ्या घोस्ट नोट एकतर ऐकूच येत नाहीत, नाहीतर बॅकबीटइतक्या मोठ्या होतात. मधलं काही हातातून निघत नाही. काय करू?

उत्तर: याचं उत्तर काठीच्या उंचीत आहे. घोस्ट नोटसाठी काठीचं टोक चामड्यापासून एखाद्या इंचावर ठेवा आणि तिथूनच पडू द्या. बॅकबीट आठ-दहा इंचांवरून येऊ द्या. जोर बदलायच्या फंदात पडू नका, उंची बदला. आवाज आपोआप बदलतो.

खरी अडचण दोन उंचींच्या मधल्या प्रवासात येते. मोठा ठोका मारल्यावर काठी उसळून वर जाते, आणि पुढची घोस्ट नोट त्याच हाताची असेल तर ती वरूनच पडते. म्हणून बॅकबीटनंतर काठी खालीच थांबवायला शिका. त्यासाठी पॅराडिडलचा हा क्रम उत्तम: उ उ डा उ, डा डा उ डा. यात पाचवा ठोका मोठा आणि लगेच सहावा त्याच हाताचा हलका. याच्या उलट सराव हवा असेल तर उ डा उ डा, डा उ डा उ घ्या. तिथे चौथा हलका आणि पाचवा मोठा, म्हणजे काठी हलका ठोका मारता मारता वर उचलावी लागते. दोन्ही अगदी सावकाश करा, आणि आरशासमोर बसा. कानाआधी डोळ्याला चूक दिसते.

स्नेअरकडेही बघा. खालच्या तारा फार आवळल्या असतील तर हलका ठोका त्यांना हलवूच शकत नाही आणि घोस्ट नोट कोरडी, मुकी येते. तारा थोड्या सैल करून पाहा. मग मोबाइल किटपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा. ड्रमरच्या स्टुलावर घोस्ट नोट नेहमीच जास्त ऐकू येतात, समोर बसलेल्याला काय ऐकू येतं ते त्यातून कळेल.

प्रश्न: रूडिमेंट्स एकूण ४० आहेत म्हणे. ग्रूव्हसाठी सगळे यायलाच हवेत का?

उत्तर: ४० ची यादी पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये पक्की केली. त्याआधी १९३३ मध्ये अमेरिकेतल्या रूडिमेंटल ड्रमर्सच्या संघटनेने १३ आवश्यक रूडिमेंट्स ठरवले होते, ते पुढे २६ झाले. हे सगळं मार्चिंगच्या स्नेअरमधून आलेलं आहे. त्याच शिस्तीत, ड्रम कोअरमध्ये (मार्चिंग करणाऱ्या ड्रम पथकात), वाढलेला ड्रमर स्टीव्ह गॅड १९७५ च्या पॉल सायमनच्या अल्बममध्ये हाय-हॅट आणि स्नेअरमध्ये वाटलेला मार्चिंगचा ठेका वाजवतो. तो ऐकला की मोजक्या सामग्रीतून किती मोठं काम होतं ते लक्षात येतं.

ग्रूव्हसाठी मी सहा सांगेन: सिंगल, डबल, पॅराडिडल, पॅराडिडल-डिडल, फ्लॅम आणि ड्रॅग. ड्रॅग म्हणजे मुख्य ठोक्याआधीचे दोन अगदी हलके ठोके. बॅकबीटच्या आधी ते आले की ग्रूव्ह पुढे ओढला जातो. बाकीचे शिका, जरूर शिका, पण या सहांतून आधी स्वतःचे चार-पाच ग्रूव्ह काढा आणि ते गाण्याबरोबर वाजवा.

प्रश्न: मी डावखुरी आहे. उ आणि डा मी उलटे वाचायचे का?

उत्तर: तुमचं किट डावखुरं मांडलेलं असेल तर हो, सरळ उलटे वाचा, बाकी काहीच बदलत नाही. किट उजवं असेल तर मी हात न बदलता डाव्यानेच हाय-हॅट वाजवायला सांगेन. हात एकमेकांवरून जात नाहीत, आणि उजवा हात स्नेअर, टॉम, राइड सगळीकडे मोकळा फिरतो. या मांडणीतही पॅराडिडल डाव्याने सुरू करा, म्हणजे पाचवा आणि तेरावा ठोका उजव्याने स्नेअरवर येईल.