उडती तबकडी आणि ओळख न पटलेलं काहीतरी

प्रश्न असा आला आहे : ‘यूएफओ’ला (‘अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट’, म्हणजे आकाशात दिसलेलं, पण ओळख न पटलेलं काहीतरी) मराठीत ‘उडती तबकडी’ म्हणावं की ‘अज्ञात उडती वस्तू’?

आधी ज्या गोष्टीनं डोकं उठतं ती सांगतो. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र ठळक दिसला, की बातमी ‘आकाशात उडती तबकडी?’ इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग गेली, तरी तबकडीच. अहो, एकामागोमाग एक पन्नास दिवे सरळ रेषेत चाललेत, त्यात तबकडी कुठे दिसली? तबकडी हे आकाराचं नाव आहे. जे काय आहे तेच कळलेलं नाही, त्याला आकाराचं नाव देऊन मोकळं कसं होता येईल?

आणि शब्द किती देखणा! अरबी ‘तबक’ म्हणजे थर. एकावर एक नीट बसणारा थर, झाकण, आणि मग ताट. समाजाचा थर या अर्थाचा हिंदी-उर्दूतला ‘तबका’ त्याच मूळ धातूचा. आपल्याकडे फारसीतून आलं ते पूजेचं, पानसुपारीचं तबक. त्याला लाडका ‘-डी’ लागला, कोठीची कोठडी होते तसा, आणि तबकडी झाली. पण गंमत पुढे आहे. कुराणात सात आकाशं एकावर एक रचल्याचं वर्णन येतं, तिथे याच धातूचा ‘तिबाक’ आहे. उर्दूत ‘चौदह तबक़’ म्हणजे सात आकाशं आणि सात पृथ्वी, आपली चौदा भुवनंच म्हणा ना. म्हणजे हा शब्द पानाच्या ताटात उतरण्याआधीपासून आकाशात होता! आजच्या अरबीतही उडत्या तबकडीला ‘तबक ताइर’, उडतं तबक, म्हणतात.

उडत्या तबकडीला इंग्रजीत ‘फ्लाइंग सॉसर’ म्हणतात. ‘सॉसर म्हणजे बशी, तेव्हा तबकडी हे भाषांतरच चुकलं’ असं काही शब्दपंडित सांगतात. त्यांनी मूळ हकिकत पाहिलेली दिसत नाही. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळ नऊ चकचकीत वस्तू वेगानं जाताना दिसल्या. बशी पाण्यावर भिरकावली तर जशी टप्पे खात जाईल तशा त्या जात होत्या, असं तो म्हणाला. हे चालीचं वर्णन. त्यानं सांगितलेला आकार बशीसारखा गोल नव्हताच. आपण नदीवर चपटा खडा तिरका मारून टप्पे मोजायचो, तीच चाल. वर्तमानपत्रांनी चालीचा आकार केला, आणि मग लोकांना गोल बश्याच दिसू लागल्या. अर्नोल्डनं पाहिलं ते मृगजळ असावं असं पुढे कुणी म्हटलं, कुणी पेलिकन पक्ष्यांचा थवा. बशीचा आग्रह धरणारे त्या वार्ताहरांचीच चूक मराठीत पक्की करू पाहताहेत. माझं मत ठाम आहे : ज्यानं कुणी मराठी शब्द घडवला, त्याच्या डोळ्यांपुढे कपाखालची बशी नव्हती, ग्रामोफोनची फिरणारी तबकडी होती. चपटी, काळी, चकाकणारी. टेलिफोनच्या चकतीलाही आपण तबकडीच म्हणत होतो.

राहिला ‘अज्ञात’. तो मला जड वाटतो, शिवाय ढिलाही. अज्ञात म्हणजे कुणालाच ठाऊक नसलेलं. इथे वस्तू बहुधा ठाऊक असलेलीच असते, फक्त ओळख पटलेली नसते. पोलिसांच्या कागदात ‘अनोळखी मृतदेह’ लिहितात ते उगीच नाही. उद्या ओळख पटू शकते. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’नं १९६९पर्यंत यूएफओंच्या १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ अनोळखीच राहिल्या, बाकी बहुतेकांची ओळख लागली : ग्रह, तारे, फुगे, विमानं.

२ एप्रिल २०२२च्या रात्री विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे दिसले, तेव्हा कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं आणि ते चिनी रॉकेटचं असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. कडं सापडेपर्यंत ते ‘अनोळखी’ होतं. तबकडी ते कधीच नव्हतं.