वास नाही तर विमानाला गॅस कळतो कसा?

प्रश्न: घरचा सिलिंडर लीक झाला की वासाने कळतं. पण भाऊ सांगत होता की अमेरिकेत गॅसच्या विहिरींवरून विमान फिरवतात आणि किती मिथेन सुटतोय ते मोजतात. वरून कसं काय कळणार? की नुसत्या बाता?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: बाता नाहीत हो. सिलिंडरमध्ये मुळात मिथेन नसतोच, तो प्रोपेन-ब्युटेन, आणि वासही मुद्दाम घातलेला. मिथेनला स्वतःचा ना वास ना रंग.

तुमच्याकडे सुपारीला पाटाने पाणी सोडतात ना, पाट किती रुंद, पाणी किती खोल आणि किती जोरात वाहतंय हे कळलं की मिनिटाला किती पाणी गेलं ते काढता येतं. इथे पाट म्हणजे वारा. वारा जिकडून येतो तिकडे विमान एक फेरी मारतं, मग जिकडे जातो तिकडे, आत ओढलेल्या हवेत लेझरने मिथेन मोजतं, साध्या हवेत तो दहा लाखात जेमतेम 2 भाग असतो, पलीकडे जेवढा वाढला तेवढा मधल्या विहिरींनी सोडलेला. आणि खोली? थंडीत सकाळी चुलीचा धूर माडांच्या वर जाऊन आडवा पसरतो बघा, तसं हवेचं झाकण दुपारीही असतं, फक्त बरंच उंच, विमान खालीवर करून ते शोधतं. भातखाचरं आणि गुरंही मिथेन सोडतात, पण विहिरीच्या गॅससोबत इथेन येतो, गुरांच्या येत नाही, त्यावरून चोर सापडतो.

युटातल्या उइंटा खोऱ्यात 3 फेब्रुवारी 2012 ला असं मोजलं तर उत्पादनाच्या 6.2 ते 11.7 टक्के गॅस हवेत चाललेला! अर्थात हे एका दिवसाचं, एका खोऱ्याचं माप. 2018 मध्ये अख्ख्या अमेरिकेचा हिशोब आला तो 2.3 टक्के, तरी सरकारी आकड्यापेक्षा 60 टक्के जास्तच. सरकारी कागदावर एका व्हॉल्व्हची सरासरी गळती गुणिले व्हॉल्व्हची संख्या करतात, एखाद्याच टाकीचं झाकण उघडं राहून भसाभसा सुटलेलं त्यात येत नाही.

आपल्याकडे, म्हणजे मुंबई हायचा गॅस जिथे किनाऱ्याला लागतो त्या उरणला, असं मोजायचं म्हटलं तर खरी डोकेदुखी वाऱ्याची. सकाळी मतलई, मग खारा, मध्येच वारा फिरला की पहाटे समुद्रावर गेलेला गॅसच परत येणार आणि विमान तो नवा म्हणून मोजणार. त्यामुळे मला विचाराल तर दुपारी खारा वारा नीट धरला की मगच उडायचं.