केळीच्या भावाचा प्रोजेक्ट घेतलाय ना, मग आधी हे कर

तुमच्या टीमने जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीचे भाव हा विषय घेतला, ऐकून फार बरं वाटलं. पण लगेच मॉडेलच्या, म्हणजे भावाचा अंदाज बांधणाऱ्या गणिताच्या, मागे लागू नका. आधी एका ओळीत लिहा: हे उत्तर कोणाला हवंय, शेतकऱ्याला की व्यापाऱ्याला? दोघांचे निर्णय वेगळे.

खरा वेळ डेटा साफ करण्यात जातो. आमच्या फाइलमध्ये एका ओळीत भाव १४००, खालच्याच ओळीत १४. पहिला क्विंटलचा, दुसरा किलोचा! तशीच सरासरी काढली आणि सगळे तक्ते चुकले; दोन रात्री जागून पुन्हा केलं. म्हणून एकक आधी बघ. तारखाही बघ, ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल? एवढं करूनही एखादा आकडा विचित्र दिसला तर लगेच उडवू नकोस. तिथल्याच सावद्याच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याला विचार. त्या आठवड्यात वादळाने बागा आडव्या झाल्या असतील, तर तोच आकडा सगळ्यात कामाचा.

मूळ फाइलला कोणीही हात लावायचा नाही, काम कॉपीवरच.

आणि सादरीकरणाआधी केळी लावणाऱ्या एखाद्या काकांना तक्ता दाखव. त्यांना कळला नाही, तर तक्ता बदल.