निवड न झालेल्यांची निवड: ‘अनड्राफ्टेड रूकी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे. अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी एक वाचक तिथल्या व्यावसायिक फुटबॉलवर मराठीत लेख लिहीत आहेत. ‘अनड्राफ्टेड रूकी’ (ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेले, पहिल्याच हंगामातले खेळाडू) आले तिथे त्यांनी वाक्य केलं: ‘निवड न झालेल्या तीन नवशिक्यांची ५३ जणांच्या संघात निवड झाली.’ घरी वाचून दाखवल्यावर पहिला प्रश्न आला, अहो, पण निवड झाली की नाही झाली? मग त्यांनी भाषांतर करणाऱ्या यंत्राला विचारलं. त्याने ‘अमसुदित’ असा शब्द दिला. आता काय करावं, असं ते विचारतात.

यंत्राचा शब्द आधी बाजूला ठेवू. मसुदा म्हणजे कच्चा खर्डा. मूळ अरबी शब्दात ‘काळं केलेलं’ असा अर्थ आहे, आपण कागद काळे करतो म्हणतो तसाच. खेळातल्या ड्राफ्टचा या कागदाशी संबंध नाही. इंग्रजीत या शब्दाचं मूळ ओढण्यात, खेचण्यात आहे. गाडी ओढणारा घोडा, सैन्यासाठी गावातून ओढून नेलेली माणसं आणि खात्यातून काढून दिलेली रक्कम, सगळ्यांना हाच शब्द. आपल्या राजभाषेच्या शब्दकारांना हे नेमकं कळलं होतं, म्हणून डिमांड ड्राफ्टला त्यांनी ‘धनाकर्ष’ म्हटलं. आकर्ष म्हणजे ओढणं. बँकेच्या अर्जावर हा शब्द वाचून आपण कंटाळलो असू, पण त्याच्या पोटातला अर्थ अगदी बरोबर आहे.

पण फुटबॉलपटूला ‘अनाकर्षित’ म्हटलं तर भलताच अर्थ निघेल. तेव्हा ड्राफ्टमध्ये नेमकं घडतं काय ते पाहू, शब्द तिथेच सापडेल.

अमेरिकेच्या एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, ३२ संघ आहेत. दर एप्रिलच्या अखेरीस कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून हे संघ पाळीपाळीने एकेक जण उचलतात. आदल्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्याची पाळी पहिली. अशा सात फेऱ्या होतात आणि साधारण अडीचशे-दोनशे साठ नावं घेतली जातात. १९३६ साली ही पद्धत सुरू झाली. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा तो आग्रह होता, कारण त्याआधी चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडेच जात. इथे बोली लागत नाही, म्हणून आयपीएलमुळे आपल्या तोंडी बसलेला ‘लिलाव’ चालणार नाही. ‘अनसोल्ड’ही नाही. हे तर आपलं गल्लीतलं भिडू वाटून घेणं आहे. दोन कर्णधार समोरासमोर उभे राहायचे, पाळीपाळीने एकेक भिडू मागून घ्यायचे आणि शेवटी कोणीतरी उरायचं. त्या उरलेल्याला काय वाटतं हे ज्याला आठवतं, त्याला अनड्राफ्टेड हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून ड्राफ्टला मी ‘निवडफेरी’ म्हणेन. नुसती ‘निवड’ नको, कारण तुमच्या वाक्याचा घोटाळा तिथेच झाला. एकाच वाक्यात दोन वेगळ्या घटना आहेत आणि दोन्हींना आपण निवड म्हणतो. एप्रिलमधली ती निवडफेरी. ऑगस्टच्या शेवटी संघात जागा मिळणं ही दुसरी घटना. पहिलीतून दुसरी आपोआप होत नाही. १९३६च्या पहिल्याच निवडफेरीत पहिलं नाव घेतलं गेलं ते जे बर्वेंजरचं, आणि तो एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. निवडला गेला, पण संघाकडून मैदानात कधी उतरलाच नाही.

आता ‘अनड्राफ्टेड’. मराठीत नकार जोडायच्या तऱ्हा पुष्कळ: अ-, बे-, ना-, बिन-. बिनपगारी, बिनविरोध, बिनबोभाट हे कानाला किती सहज लागतात! मला ‘बिननिवडीचा’ हा शब्द मोहात पाडत होता, पण दोन ‘न’ एकमेकांवर आदळतात आणि पुन्हा ‘निवड’चा गोंधळ राहतोच. ‘नाकारलेला’, ‘उपेक्षित’, ‘डावललेला’ हे वर्तमानपत्री मथळ्यांना आवडतील असे शब्द आहेत, त्यांपासून मात्र आवर्जून दूर राहा. अनड्राफ्टेड ही फक्त एक नोंद आहे, तिच्यामागे कारण काय ते ती सांगत नाही.

अँटोनियो गेट्स कॉलेजात बास्केटबॉल खेळत होता, म्हणून २००३ साली त्याचं नाव कोणी घेतलं नाही. सॅन डिएगो चार्जर्सने त्याला तसाच घेतला आणि टाइट एंड (पास झेलणारा आणि प्रतिपक्षाला अडवणारा) या जागेवरून ११६ टचडाउनचा, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेण्याचा, विक्रम त्याच्या नावावर जमा झाला. वॉरेन मूनची गोष्ट वेगळी. त्याने वॉशिंग्टन विद्यापीठाला १९७८च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात जिंकून दिलं होतं. पण कृष्णवर्णीय मुलाच्या हाती क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकून डाव चालवणाऱ्याची, जागा द्यायला त्या काळचे संघ तयार नसत, त्याला जागा बदलायला सांगत. त्याने निवडफेरीच्या आधीच कॅनडातल्या एडमंटनच्या संघाशी करार केला आणि तिथे ग्रे कप हे कॅनडाच्या लीगचं विजेतेपद सलग पाच वेळा जिंकून मग १९८४ साली एनएफएलच्या ह्यूस्टन संघात आला. डिक लेन १९५२ साली विमानाच्या कारखान्यातली नोकरी नकोशी होऊन आपल्या कात्रणांची वही घेऊन लॉस एंजेलिस रॅम्सच्या कचेरीत शिरला. त्या पहिल्याच हंगामात १२ सामन्यांत प्रतिपक्षाचे १४ पास त्याने हवेतच अडवून घेतले. एका हंगामातला तो विक्रम अजून उभा आहे. यांतल्या कोणाला ‘नाकारलेला’ म्हणायचं? एक दुसऱ्याच खेळातला, एक दुसऱ्या देशात निघून गेलेला आणि एक आपण होऊन दारात येऊन उभा राहिलेला.

शिवाय व्यवहाराची एक बाजू आहे. सातव्या फेरीत नाव आलं तर खेळाडू त्या एका संघाला बांधला जातो. फेऱ्या संपल्यावर उरलेल्याला मात्र कोणत्याही संघाशी बोलता येतं, दोन-तीन फोन आले तर जिथे जागा मोकळी दिसते तिथे जाता येतं. करारही निवडलेल्याचा चार वर्षांचा, याचा तीन वर्षांचा. म्हणजे उरलेला आणि मोकळा, दोन्ही एकदमच. यासाठी मला ‘निवडफेरीबाहेरचा’ हाच शब्द प्रामाणिक वाटतो. बाहेरचा म्हणजे वाईट, असं मराठी मानत नाही. ‘बाहेरून परीक्षेला बसला’ असं आपण म्हणतो आणि तो पहिला येतो.

‘रूकी’कडे येऊ. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतला, बहुधा ‘रिक्रूट’वरून घडलेला. हिंदीत रुळलेला ‘रंगरूट’ही त्याच रिक्रूटचा, म्हणजे रूकीचा चुलतभाऊच. पण रंगरूट म्हटलं की डोळ्यांपुढे कवायत येते. ‘नवशिका’ तर इथे अन्यायाचा आहे. ज्याने शाळेपासून कॉलेजपर्यंत हाच खेळ खेळलेला आहे त्याला नवशिका कसं म्हणता येईल? ‘नवखा’त अनोळखीपणा आणि थोडा बुजरेपणा आहे. एखाद्या प्रसंगाच्या वर्णनात तो शोभेल, दर्जा सांगायला नाही. मराठी वर्तमानपत्रांनी फार पूर्वीपासून घडवून ठेवलेला ‘नवोदित’ इथे बरोबर बसतो. पहिल्या हंगामातला, नुकता क्षितिजावर आलेला.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. या दोन विशेषणांचं आयुष्य सारखं नाही. नवोदितपण एका हंगामात संपतं, निवडफेरीबाहेरचेपण जन्मभर राहतं. कर्ट वॉर्नरला १९९४ साली कोणी निवडलं नाही. ग्रीन बेच्या संघाने सराव शिबिरातून त्याला परत पाठवलं आणि आयोवातल्या एका किराणा दुकानात तो रात्री फळ्यांवर माल लावत होता. पुढे सभागृहातल्या अरीना फुटबॉलमध्ये, मग अ‍ॅम्स्टरडॅमच्या संघात खेळून १९९९ साली सेंट लुइस रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर तो उभा राहिला आणि त्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याच्याबद्दल लिहिताना ‘निवडफेरीबाहेरून आलेला’ म्हणा, ‘नवोदित’ म्हणू नका. माल्कम बटलर मात्र दोन्ही होता. २०१४ साली तो चाचणीपुरता पेट्रियट्स या संघाकडे आला, संघात राहिला आणि १ फेब्रुवारी २०१५च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या काही सेकंदांत गोलरेषेवर सिअ‍ॅटलचा पास त्याने पकडला. सामना तिथेच फिरला. तो खरा निवडफेरीबाहेरचा नवोदित.

तुमच्या वाक्यातल्या ‘५३ जणांच्या संघा’ला, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीला, इंग्रजीत ‘रोस्टर’ म्हणतात. हा शब्द मला या सगळ्या चर्चेत जास्त प्रिय आहे. महाराष्ट्रात शिक्षकांना किंवा आस्थापना विभागातल्या कारकुनांना ‘रोस्टर’ म्हणा, त्यांना बिंदुनामावली आठवेल, आरक्षणाची. म्हणून लेखात ‘रोस्टर’ तसाच ठेवू नका. मूळ शब्द डच आहे. डच भाषेत रोस्टर म्हणजे भाजायची लोखंडी जाळी. यादीच्या कागदावर आखलेल्या रेघा तशा दिसत, म्हणून यादीलाही तेच नाव पडलं. आणि गंमत बघा, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानालाही त्याच्या आडव्या रेघांमुळे ग्रिडायर्न म्हणतात, म्हणजे पुन्हा भाजायची जाळीच! यादी आणि मैदान, दोन्हींमागे एकच चित्र.

मराठीत असा शब्द आहे का, जो यादीही आहे आणि आखलेली खेळाची जागाही? आहे. ‘पट’. शाळेचा पट, हजेरीपट, पटसंख्या. आणि बुद्धिबळाचा पट, सोंगट्यांचा पट. हे लक्षात आलं तेव्हा मला झालेला आनंद तुमच्यापर्यंत पोचावा म्हणूनच हे उत्तर इतकं लांबलं आहे. हा शब्द शोधायला कुठे जावं लागलं नाही, पहिलीच्या वर्गातच तो आपल्याला मिळालेला असतो. मुलगा पटावर येतो, पटावरून नाव कमी होतं. एनएफएलमध्ये उन्हाळ्यात प्रत्येक संघाच्या पटावर ९० नावं असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस ती ५३ करावी लागतात. एका संघात ३७, बत्तीस संघांत मिळून जवळजवळ बाराशे नावं कमी होतात. ‘प्रशिक्षकांनी बोलावलंय, डावपेचांची वही घेऊन ये’ असा निरोप आला की खेळाडूला कळतं. या निरोप्याला तिथल्या बोलीत ‘टर्क’ म्हणतात. ‘डच्चू मिळाला’ असं तुम्ही लिहाल, पण ज्याला तो निरोप येतो त्याच्या बाजूने पाहिलं तर ‘पटावरून नाव कमी झालं’ हे जास्त खरं आहे.

क्रियापदाचंही सांगतो. ‘जागा पटकावली’ असं आपण सर्रास लिहितो, पण पटकावण्यात झडप आहे. आठवडेच्या आठवडे उन्हात सराव करून, जिथे माणूस कमी तिथे उभं राहून, किकच्या वेळी धावून हे खेळाडू जागा घेतात. ‘मिळवली’ पुरे. म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: ‘निवडफेरीबाहेरून आलेल्या तीन नवोदितांनी ५३ जणांच्या पटावर जागा मिळवली.’ मथळ्याला लांब वाटलं तर ‘फेरीबाहेरचे तिघे पटावर’ हेही चालेल, मात्र आत एकदा पूर्ण शब्द येऊ द्या.

राहिला एक शब्द, ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’, जो तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे लागेल. पटावर न आलेल्यांपैकी १६ जणांपर्यंत प्रत्येक संघ सरावासाठी ठेवून घेतो. ते रोज मैदानात येतात, दुसऱ्या संघाची नक्कल करून आपल्या संघाला तयार करतात, रविवारी बहुतेक वेळा सामना बघतात आणि कोणी जायबंदी झालं तर बोलावणं येईल म्हणून तयार असतात. यांना ‘राखीव’ म्हणू नका, ते पटावरच्यांसाठी ठेवा. यांना ‘उमेदवार’ म्हणा. निवडणुकीने हा शब्द बळकावला आहे खरा, पण ‘उमेदवारीचे दिवस’ आपण अजून विसरलेलो नाही आणि एसटीच्या जाहिरातीत ‘शिकाऊ उमेदवार’ अजून दिसतात. कचेरीत रोज येऊन बसायचं, पडेल ते काम करायचं, जागा रिकामी होण्याची वाट बघायची. मूळ फारसीत त्याचा अर्थ आहे, उमेद बाळगणारा.