बाष्प वर झिरपतं, घुसतं की आणखी काही?

ताई, तुम्ही विचारलंत की उष्ण कटिबंधावरून हवा आणि बाष्प स्थितांबरात (ढग-पावसाच्या थरावरचा वातावरणाचा थर, म्हणजे आपल्या इंदूरच्या पोरांच्या हिंदी पुस्तकातलं समतापमंडल) जातात, तर तिथे 'झिरपतं' लिहायचं की 'घुसतं'. झिरपतं तर नकोच बुवा, झिरपायचं ते खाली, फार तर भिंतीतून आडवं, आणि इथे तर सगळा मामला वर जायचा.

घुसणं एखाद्या दांडग्या गडगडाटी ढगापुरतं ठीक आहे, त्याचं डोकं कधीकधी थेट तपस्तब्धीच्या, म्हणजे स्थितांबर जिथे सुरू होतं त्या सीमेच्या, वर जातं. पण बहुतेक हवेला ढग खालीच, १२-१४ किलोमीटरवर सोडून देतात आणि पुढे ती सेकंदाला मिलिमीटरही नाही इतकी सावकाश सरकते, वाटेत १६-१७ किलोमीटरवर तपमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, मग बाष्पाचा बर्फ होऊन कण खाली पडतात आणि हवा तेवढी वर जाते. जमिनीजवळच्या दमट हवेत दहा लाखांत वीस-तीस हजार भाग बाष्प असतं, वर पोचतं ते जेमतेम तीन-चार भाग!

म्हणून मी 'निथळणं' सुचवीन. सकाळी पोहे धुऊन चाळणीत ठेवतो तसं, पाणी खाली, पोहे वर. कोणी म्हणेल घामाने निथळणारा माणूस तर ओलाचिंब असतो, असू दे की, पाणी गळतंय ना अंगावरून. शिवाय हे क्रियापद पुढेही कामी येतं: जानेवारीच्या सुमारास तपस्तब्धीजवळची थंडी जास्त म्हणून हवा जास्त निथळते, आपल्या पावसाळ्यात कमी, आणि असे कोरडे-ओले थर एकावर एक वर चढत राहतात, टेपवर नोंद उमटत जावी तसे, म्हणून त्यालाच शास्त्रज्ञ टेप रेकॉर्डर म्हणतात. इंग्लंडवरची स्थितांबरातली हवा इतकी कोरडी कशी, तर ती उष्ण कटिबंधावरून निथळूनच आलेली असणार, हे हवामानशास्त्रज्ञ ब्रूअरनी १९४९ मध्येच मांडलं होतं.

मिथेन वायूमुळे जे पाणी वाढतं त्याला मात्र यातलं काहीच लावू नका, मिथेन वर मोडतो तेव्हा ते वरच तयार होतं. आणि जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्राखालच्या ज्वालामुखीने स्थितांबरातलं पाणी एका झटक्यात दहाएक टक्क्यांनी वाढवलं, तिथे बिनधास्त 'घुसलं' लिहा.