टर्मिनलमधून आयएसओ फाइल सीडीवर कशी राइट करायची?

जुना पीसी पेनड्राइव्हवरून बूट होत नाही, सीडी रायटर असलेल्या लिनक्स मशीनवर फक्त टर्मिनल आहे आणि आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली प्रत) डाउनलोड करून ठेवली आहे, असं तुम्ही लिहिलंय. राइट करणं एका कमांडचं काम आहे. खरी काळजी घ्यायची ती नंतरच्या तपासणीत, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितोय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.

आधी फाइलचा आकार बघा. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, असतात, प्रत्येकात २०४८ बाइट डेटा. म्हणजे ७३,७२,८०,००० बाइटच्या वरची फाइल मावणार नाही. मग 'शा२५६सम' ही कमांड त्या फाइलवर चालवून येणारा तपासणीचा आकडा डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. फाइलच खराब असेल तर पुढचं सगळं वाया.

आता कोरी सीडी घाला आणि:

वोडिम -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर० स्पीड=८ -डीएओ फाइल.आयएसओ

इथे /डेव्ह/एसआर० म्हणजे तुमचा सीडी ड्राइव्ह. वोडिम म्हणजे सीडीरेकॉर्ड या सीडी राइट करायच्या प्रोग्रामचाच फाटा. लायसन्सच्या वादातून डेबियनच्या लोकांनी तो २००६ मध्ये वेगळा काढला. तुमच्याकडे झोरिसो (असाच दुसरा प्रोग्राम, नाव एक्सने सुरू होतं आणि आर दोनदा) असेल तर 'झोरिसो -एएस सीडीरेकॉर्ड' लिहून पुढे हेच पर्याय द्या. १ स्पीड म्हणजे सेकंदाला १५० केबी, त्यामुळे ८ वर भरलेली सीडी दहाएक मिनिटांत होते. बूट सीडीसाठी मला हा वेग पुरेसा वाटतो. मात्र फाइल मॅनेजरमधून ती आयएसओ सीडीवर नुसती कॉपी करू नका. तसं केलं की सीडीवर एक फाइल दिसते आणि पीसी काही बूट होत नाही.

-डीएओ (डिस्क-ॲट-वन्स, म्हणजे अख्खी सीडी एका दमात लिहिणं) गाळू नका. तो नसला की वोडिम बहुधा ट्रॅक-ॲट-वन्स, म्हणजे एकेक ट्रॅक वेगळा लिहायच्या पद्धतीने लिहितो आणि ट्रॅकच्या शेवटी दोन न वाचता येणारे सेक्टर राहतात. मग पूर्ण सीडी परत वाचायला गेलं की शेवटी 'इनपुट/आउटपुट एरर' येते आणि लोक चांगली सीडी फेकून देतात.

म्हणून मोजूनच वाचा. ट्रे एकदा उघडून बंद करा, म्हणजे ड्राइव्ह सीडी नव्याने ओळखेल. फाइलच्या बाइटना २०४८ ने भागा. समजा उत्तर ३,००,००० आलं, तर:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=३००००० | शा२५६सम -

आकडा मघाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला तर सीडी पक्की. नाही जुळला तर दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी घेऊन बघा, वेगही बदलून बघा. जुळूनही जुना पीसी बूट होत नसेल तर पुन्हा राइट करत बसू नका: बायोसमधला (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधला) बूटचा क्रम बघा, आणि त्या पीसीचा ड्राइव्ह दुसरी एखादी राइट केलेली सीडी वाचतो का तेही बघा. फक्त कारखान्यात बनलेल्या छापील सीडी वाचणारे थकलेले ड्राइव्ह जुन्या मशीनमध्ये बरेच सापडतात.